अक्षतंतूची वाट रिसेप्टर ठरवतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत भ्रूणातील चेतासंस्थेच्या जडणघडणीवर आलेला लेख वाचला. या विषयाला मराठीत एवढी जागा क्वचितच मिळते, आणि लेखाची भाषाही सोपी होती. त्याबद्दल आभार. मात्र मुख्य आकृतीमुळे वाचकाच्या मनात एक चुकीचे चित्र बसेल अशी आम्हाला काळजी वाटते. मेरुरज्जूच्या आडव्या छेदात वरून निघालेला अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) तळाशी असलेल्या नेट्रिन या प्रथिनाकडे लोहचुंबकाने ओढल्यासारखा सरळ जातो, असे तेथे दाखवले आहे. नेट्रिन ओढणारे, स्लिट हे दुसरे प्रथिन ढकलणारे आणि तंतू निमूट जाणारा, एवढाच बोध त्यातून होतो. शिक्षक अशा आकृत्या कापून वर्गात वापरतात, म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे.

सुरुवात तंतूच्या टोकापासून करू. वाढत्या अक्षतंतूच्या टोकाला पंजासारखा पसरट भाग असतो. त्याला ग्रोथ कोन म्हणतात. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूत तो रंगवून दाखवला. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेतानलिकेचा (जिच्यापासून मेंदू आणि मेरुरज्जू बनतात त्या नळीचा) तुकडा गोठलेल्या लसिकेच्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू बाहेर पडताना प्रत्यक्ष पाहिला. ग्रोथ कोनच्या कडेवर अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या बारीक बोटांसारखे फाटे असतात, साधारण १० ते २० मायक्रोमीटर लांबीचे. कडेला अ‍ॅक्टिन सतत जोडले जाते आणि मायोसिन हे दुसरे प्रथिन ते तितक्याच सातत्याने मागे, केंद्राकडे खेचत राहते. मिनिटाला काही मायक्रोमीटर या वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यासारखे हे चालते. पट्टा नुसता सरकत राहिला तर कड जागच्या जागी राहते. एखाद्या बाजूच्या रिसेप्टरने (बाहेरचा रेणू ओळखून धरणाऱ्या पेशीपटलावरच्या प्रथिनाने) बाहेरच्या पृष्ठभागाला पकडले आणि ती पकड आतून अ‍ॅक्टिनशी जोडली गेली, की त्या बाजूचे मागे सरकणे मंदावते, कड पुढे जाते, मागून सूक्ष्मनलिका (पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या नळ्या) तेथे शिरतात आणि तंतू त्या बाजूला वळतो.

जोर कोण लावतो, हा लेखातला मुद्दा येथेच उलटा होतो. नेट्रिन तंतूला खेचत नाही. तंतूच नेट्रिनला धरून स्वतःला पुढे ओढतो. २००९ मध्ये नेट्रिन चिकटवलेले मणी ग्रोथ कोनजवळ धरून हे मोजले गेले. फाटे डीसीसी या रिसेप्टरमार्फत मण्याला ओढतात. त्यामुळे नेट्रिन कशाला तरी चिकटलेले असणे महत्त्वाचे ठरते. द्रवात मोकळ्या तरंगणाऱ्या रेणूला धरून कोणालाच जोर लावता येत नाही.

आता रिसेप्टरकडे वळू. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत नेट्रिनचे काम करणारे प्रथिन अन्क-६ आहे. ते शरीराच्या पोटाकडच्या बाजूला तयार होते. हेजकॉक, कुलॉटी आणि हॉल यांनी १९९० मध्ये दाखवले की अन्क-६ नसेल तर पोटाकडे जाणारे आणि पाठीकडे जाणारे असे दोन्ही प्रकारचे तंतू वाट चुकतात. प्रथिन एकच आणि परिणाम मात्र परस्परविरुद्ध. फरक रिसेप्टरचा होता. पोटाकडे जाणाऱ्या तंतूंना अन्क-४० लागतो, पाठीकडे जाणाऱ्यांना अन्क-५. पुढे १९९३ मध्ये स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींत अन्क-५ मुद्दाम चालू केला गेला. एरवी पोटाकडे किंवा शरीराच्या लांबीच्या दिशेने जाणारे त्यांचे तंतू पाठीकडे वळले. बाहेरच्या प्रथिनात काहीही बदल केलेला नव्हता. आपल्या शरीरातला डीसीसी हा अन्क-४० चाच नातेवाईक आहे, आणि अन्क-५ चे भाऊबंदही आपल्यात आहेत.

याहून थेट पुरावा १९९९ मध्ये बॅशॉ आणि गुडमन यांनी फळमाशीत दिला. त्यांनी दोन रिसेप्टर मधोमध कापून उलटसुलट जोडले. पेशीबाहेरचा भाग नेट्रिन ओळखणाऱ्या रिसेप्टरचा आणि आतला शेपटीचा भाग स्लिट ओळखणाऱ्या रोबो या रिसेप्टरचा, असे जोडल्यावर तंतू नेट्रिनपासून दूर पळू लागले. उलट जोडणी केल्यावर, एरवी ज्या स्लिटला ते टाळतात त्याच स्लिटकडे ते जाऊ लागले. काय ऐकायचे ते बाहेरचा भाग ठरवतो, ऐकून काय करायचे ते आतली शेपटी ठरवते. लेखात एकच प्रयोग सांगायला जागा असती, तर आम्ही हा निवडला असता.

शेपटी हे कसे करते? डीसीसीला नेट्रिन चिकटले की रिसेप्टरचे रेणू एकत्र येतात, एसआरसी कुळातली एन्झाइमे शेपटीवर फॉस्फेट बसवतात आणि अखेर आरएसी-१ व सीडीसी-४२ हे दोन रेणवीय स्विच चालू होतात. या स्विचमुळे कडेला नवे अ‍ॅक्टिन जोडले जाते. रोबोच्या शेपटीला चिकटणारी प्रथिने सीडीसी-४२ बंद करतात. ईफ या आणखी एका कुळातले रिसेप्टर आरएचओ-ए हा स्विच चालू करून मायोसिनचे आकुंचन वाढवतात. सेमाफोरिन ३ए या आणखी एका मार्गदर्शक प्रथिनाची तऱ्हा आणखी वेगळी. ते पकडायला न्यूरोपिलिन आणि संदेश आत पोचवायला प्लेक्सिन, अशी दोन रिसेप्टरांची जोडी लागते. यातले एक जरी नसले तरी ग्रोथ कोनला त्या सेमाफोरिनचा पत्ता लागत नाही.

एवढ्यावरही भागत नाही. रिसेप्टर तोच ठेवला आणि पेशीच्या आतली स्थिती बदलली तरी उत्तर बदलते. १९९७ मध्ये मू-मिंग पू यांच्या गटाने आफ्रिकी नखी बेडकाच्या भ्रूणातील मेरुरज्जूच्या चेतापेशींवर ते सिद्ध केले. ही चाचणी पदव्युत्तर प्रयोगशाळांत आजही केली जाते आणि चुकीच्या हाताळणीमुळे तिचे निष्कर्ष वारंवार फसतात, म्हणून तपशील देतो. भ्रूणाची चेतानलिका काढून पेशी सुट्या करतात, काचेवर पसरतात आणि १४ ते २० तासांनी वापरतात. सुमारे १ मायक्रोमीटर तोंडाची काचनळी ग्रोथ कोनपासून १०० मायक्रोमीटरवर, वाढीच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून ठेवतात. दाबाचे २० मिलिसेकंदांचे ठोके सेकंदाला दोनदा देतात. नळीत मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम नेट्रिन असते, ग्रोथ कोनपाशी ते सुमारे हजारपट विरळ होऊन पोचते. ग्रोथ कोनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, म्हणजे १० मायक्रोमीटर अंतरात, सांद्रतेचा फरक जेमतेम ५ ते १० टक्के पडतो. तेवढा फरक ओळखून तासाभरात तंतू नळीकडे वळतो. याच पेशींना सायक्लिक एएमपी या पेशीतल्या संदेशवाहक रेणूचा मार्ग अडवणारे आरपी-सीएएमपीएस २० मायक्रोमोलर दिले की तेच तंतू त्याच नेट्रिनपासून दूर वळतात.

फसते कोठे? नळी अर्धवट तुंबते आणि प्रयोग करणाऱ्याला वाटते की तंतूने प्रतिसाद दिला नाही. तापमान हलले की द्रवात प्रवाह सुरू होतात आणि सांद्रतेचा उतार मोडतो. नळी फार जवळ आणली तर सर्व बाजूंचे रिसेप्टर भरून जातात आणि डावे-उजवे कळायला काही उरत नाही. सर्वांत दुर्लक्षित चूक पृष्ठभागाची. काचेवर लॅमिनिन (पेशींना आधार देणारे प्रथिन) लावले तर दृष्टिपटलाच्या तंतूंचे नेट्रिनबद्दलचे आकर्षण प्रतिकर्षणात बदलते. हे १९९९ मध्ये दाखवले गेले. कारण तेच: लॅमिनिनमुळे पेशीतले सायक्लिक एएमपी घटते. म्हणून कोणता पृष्ठभाग वापरला हे न लिहिता ‘नेट्रिन आकर्षित करते’ असा निष्कर्ष कोणी लिहिला तर तो अपुरा आहे. कोरी नळी लावलेला तुलनागट हवा, कोन मोजणाऱ्याला कोणत्या नळीत काय आहे ते माहीत नसावे, आणि तासाभरात ५ मायक्रोमीटरही न वाढलेले तंतू गणतीत धरू नयेत. न वाढलेल्या तंतूला वळण्याची संधीच मिळालेली नसते.

शरीराची डावी बाजू मेंदूच्या उजव्या भागाशी जोडलेली असते, कारण लक्षावधी तंतू मध्यरेषा ओलांडतात. ओलांडणारा तंतू एकदाच ओलांडतो, परत येत नाही. मध्यरेषा त्याला हवी असते की नको? आधी हवी, नंतर नको. फळमाशीत १९९३ च्या शोधमोहिमेत दोन उत्परिवर्तने सापडली. रोबो नसलेल्या भ्रूणात तंतू मध्यरेषा पुन्हा पुन्हा ओलांडत राहतात. कॉमिशरलेस नसलेल्यात एकही तंतू ओलांडत नाही. नंतर उलगडा झाला की कॉमिशरलेस हे प्रथिन नव्याने बनलेला रोबो पेशीपटलावर पोचू देत नाही, वाटेतच मोडीत काढायला पाठवते. तंतू मध्यरेषेकडे येतो तेव्हा त्याच्या पटलावर रोबो जवळजवळ नसतो, त्यामुळे तेथले स्लिट त्याला जाणवत नाही. पलीकडे गेल्यावर कॉमिशरलेस बंद होते, रोबो पटलावर येतो आणि परतीची वाट बंद होते. शिवाय बेडकाच्या चेतापेशींत असे दिसले की जागा झालेला रोबो डीसीसीच्या शेपटीला धरून नेट्रिनचे आकर्षणच थांबवतो. सस्तन प्राण्यांत कॉमिशरलेस नाही. तेथे रोबो-३ वेगळी भूमिका बजावतो: तो स्लिटला चिकटत नाही, डीसीसीशी जोडून नेट्रिनची ओढ वाढवतो. उंदरात रोबो-३ काढला की मेरुरज्जूतले हे तंतू मध्यरेषा ओलांडतच नाहीत.

आकृतीतली दुसरी चूक नेट्रिन कोठून येते याची. त्यात लेखकाचा दोष कमी आहे, कारण पाठ्यपुस्तकांतही अजून तेच आहे. १९९४ मध्ये टेसिए-लाविन्य यांच्या गटाने कोंबडीच्या हजारो भ्रूणांच्या मेंदूंतून नेट्रिन वेगळे केले. ते तळपट्टीत (मेरुरज्जूच्या तळाशी मध्यरेषेवर असलेल्या पेशींच्या पट्टीत) मुबलक सापडले, आणि तळपट्टीतून वर पसरणारा उतार तंतूला खाली बोलावतो ही कल्पना रूढ झाली. २०१७ मध्ये एकाहून अधिक गटांनी उंदरात फक्त तळपट्टीतले नेट्रिन काढून टाकले. तंतू तरीही बव्हंशी मध्यरेषेपर्यंत पोचले आणि ओलांडूनही गेले. मेरुरज्जूच्या पोकळीलगतच्या जनक पेशींतले नेट्रिन काढल्यावर मात्र मोठा गोंधळ झाला. या पेशी लांबट असतात, आतून बाहेरच्या कडेपर्यंत पसरलेल्या. त्यांच्यातले नेट्रिन त्यांच्या बाहेरच्या टोकांशी साठते, आणि तंतू त्या कडेच्या आधाराने पुढे सरकतात. २०१९ मध्ये असेही दाखवले गेले की तळपट्टीतले नेट्रिन आणि सोनिक हेजहॉग हे दुसरे प्रथिन दुरूनही हातभार लावतात. म्हणजे जुना उतार पूर्ण रद्द झालेला नाही, पण त्याची मक्तेदारी संपली आहे. २००९ च्या मण्यांच्या प्रयोगाशी हे जुळते: तंतूला धरायला चिकटलेले नेट्रिन लागते.

दृष्टिपटलाचा उल्लेख लेखात एका ओळीत आला, तो वाढवायला हवा होता. रॉजर स्पेरी यांनी १९६३ मध्ये मांडले होते की दृष्टिपटलातल्या आणि मेंदूतल्या पेशींवर रासायनिक खुणांचे उतार असावेत. १९८७ मध्ये बॉनहॉफर यांच्या गटाने मेंदूतल्या टेक्टमच्या (दृष्टिपटलाचे तंतू जेथे पोचतात त्या भागाच्या) पुढच्या आणि मागच्या भागांतली पेशीपटले एकाआड एक अरुंद पट्ट्यांत पसरली. दृष्टिपटलाच्या कानाकडच्या बाजूचे तंतू पुढच्या भागाच्या पट्ट्यांवरच वाढले. त्यांना फक्त मागच्या भागाचीच पटले दिली तर त्यावरही ते वाढतात. म्हणून एकाच प्रकारच्या पृष्ठभागावर चाचणी घेऊन ‘प्रतिकर्षण नाही’ असे म्हणणाऱ्याचा अंदाज चुकतो; तंतूला निवड द्यावीच लागते. १९९५ मध्ये त्यामागचे रेणू हाती आले, आज त्यांना एफ्रिन-ए म्हणतात. कानाकडच्या तंतूंवर एफ्रिन-ए ओळखून मागे हटवणारे ईफ-ए रिसेप्टर जास्त आणि टेक्टमच्या मागच्या भागात एफ्रिन-ए जास्त, म्हणून ते तंतू पुढेच थांबतात.

रिसेप्टरची मात्रा निरपेक्ष नसते, शेजाऱ्यांच्या तुलनेत मोजली जाते. २००० मध्ये उंदराच्या दृष्टिपटलातल्या सर्वत्र विखुरलेल्या सुमारे निम्म्या पेशींत ईफ-ए-३ जादा घातला गेला, तेव्हा मेंदूत दृष्टिपटलाचे एकाऐवजी दोन नकाशे उमटले. बदललेल्या पेशींचा एक, न बदललेल्यांचा दुसरा. ज्यांना हात लावला नव्हता त्यांचे तंतूही जागेवरून हलले. आम्हाला हा निकाल या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो. आणखी एक कोडे येथेच सुटते: ईफ आणि एफ्रिन एकमेकांना घट्ट चिकटतात, मग दूर जायचे कसे? काही जागी एडीएएम-१० हे एन्झाइम एफ्रिन कापून पकड सोडवते, काही जागी पूर्ण जोडीच पेशीत गिळली जाते. ही सोडवणूक झाली नाही तर ग्रोथ कोन मागे हटण्याऐवजी अडकून बसतो.

आता माणसाकडे येतो. लेखात गर्भवतीने फॉलिक आम्ल घेतल्याने ‘चेतातंतू नीट जोडले जातात’ असे सुचवले आहे, ते दुरुस्त करावे. फॉलिक आम्लाचा सिद्ध झालेला उपयोग चेतानलिका मिटण्यासाठी आहे, आणि ती गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. दोन्ही मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझमचे तंतू ११ ते १२ आठवड्यांच्या सुमारास ओलांडू लागतात आणि त्याचा आकार १८ ते २० आठवड्यांपर्यंत पूर्ण दिसतो. फॉलिक आम्ल घ्यावेच, गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावे. पण ते तंतूंच्या मार्गदर्शनाचे औषध म्हणून सांगू नये. मद्याबाबत मात्र लेखात एक वाक्य हवे होते. तंतू एकमेकांना धरून वाढतात ते एल-१ या आसंजक प्रथिनाच्या मदतीने, आणि मद्यार्क एल-१ ची पकड सैल करतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे. गर्भारपणात मद्य पूर्ण टाळण्याला हे आणखी एक कारण.

रिसेप्टर बिघडल्यावर काय होते, ते डॉक्टर आणि पालक दोघांना ओळखता यावे. रोबो-३ च्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला जन्मापासून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवता येत नाहीत, वर-खाली मात्र फिरतात. बाजूला पाहायला ते मान वळवते. लहान वयातच पाठीचा कणा वाकू लागतो आणि तो वाक वाढत जातो. २००४ मध्ये हे जनुक सापडले. एमआरआयमध्ये लंबमज्जा (मेंदूचा मेरुरज्जूला जोडणारा भाग) फुलपाखराच्या आकाराची दिसते, कारण ओलांडणारे तंतू तेथे ओलांडलेलेच नसतात. असे मूल फक्त अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा फक्त नेत्रतज्ज्ञाकडे गेले तर निदान रेंगाळते. आडवी नजर नसणे आणि वाकता कणा ही दोन लक्षणे एकत्र वाचली पाहिजेत.

डीसीसीच्या जनुकाची एक प्रत बिघडली तर काही जणांत आरशातल्यासारख्या हालचाली दिसतात. एका हाताची बोटे हलवली की दुसऱ्या हाताचीही तशीच हलतात. २०१० मध्ये हा संबंध जोडला गेला. लहान मुलांत सौम्य प्रमाणात असे होणे स्वाभाविक आहे. साधारण दहा वर्षांनंतरही ठळकपणे टिकले तर तपासणी करावी. एकाच घरात तेच उत्परिवर्तन असूनही काहींना काहीच लक्षण नसते. जनुक-अहवालातले डीसीसी हे नाव मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरून पडले आहे, कारण १९९० मध्ये ते जनुक त्या गाठींच्या अभ्यासात सापडले. नेट्रिनशी त्याचे नाते १९९६ मध्ये कळले. अहवाल पाहून घरचे लोक घाबरतात. या हालचाली असलेल्या कुटुंबांत त्यामुळे कर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही, एवढे समुपदेशकाने पहिल्याच भेटीत सांगावे.

संकेत कमी पडणे हाच एक बिघाड असतो असे नाही. ड्युएन सिंड्रोम या डोळ्यांच्या हालचालीच्या जन्मजात विकाराच्या काही कुटुंबांत सीएचएन-१ जनुकाचे उत्परिवर्तन आढळते (२००८). त्यामुळे ग्रोथ कोनमधले अल्फा-२ कायमेरिन हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त काम करते. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या स्नायूकडे त्याची स्वतःची चेता नीट पोचत नाही आणि दुसऱ्याच चेतेची फांदी तेथे शिरते. म्हणून डोळा आत वळवताना दोन विरुद्ध स्नायू एकदम आकुंचन पावतात आणि डोळा खोबणीत मागे ओढला जातो.

आपल्याला विनंती अशी, की आकृती पुन्हा छापावी. त्यात नेट्रिनचा रंग तळपट्टीपुरता न ठेवता मेरुरज्जूच्या बाहेरच्या कडेनेही भरावा. ओलांडण्याआधीच्या आणि ओलांडल्यानंतरच्या ग्रोथ कोनवर रिसेप्टर वेगवेगळे दाखवावेत: आधी डीसीसी आणि रोबो-३, नंतर स्लिट ओळखणारे रोबो-१ आणि रोबो-२. ‘आकर्षक’ आणि ‘प्रतिकर्षक’ हे शब्द प्रथिनांच्या नावांपुढून काढून रिसेप्टरांच्या नावांपुढे लिहावेत, आणि कोणत्या प्राण्यातले निरीक्षण आहे तेही खाली नोंदवावे. कच्चे रेखाचित्र आम्ही सोबत जोडले आहे. ते आमच्या नावाशिवाय वापरायला हरकत नाही.

आपले,
विकासशील चेतासंस्थेचे दोन अध्यापक